डोळा फुटण्याआधी

ऑक्टोबरात निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात सकाळी लवकर गेलात, तर द्राक्षबागांतून एक काम चाललेले दिसते. आदल्या दिवशी फळछाटणी झालेली असते. वेलींवर पान म्हणून उरलेले नसते, तारांवर नुसत्या तपकिरी काड्या. हातमोजे चढवून, तोंडाला फडके गुंडाळून बाया-माणसे काडी न् काडी हातात घेतात आणि तिच्यावर राखलेल्या डोळ्यांना एक द्रावण पुसत पुढे सरकतात. द्रावणात रंग कालवलेला असला की कुठला डोळा राहून गेला ते लगेच कळते. याला सगळे 'पेस्ट लावणे' म्हणतात. औषध असते हायड्रोजन सायनामाइड. ते जहाल असते. ज्याने ते हाताळले त्याने त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारूला शिवायचे नाही, नाहीतर छाती धडधडून माणूस आडवा होतो, हे कामाला लावण्याआधीच बजावले जाते. पुढचे आठ-दहा-बारा दिवस गावात भेटेल तो एकच प्रश्न विचारतो : "डोळे फुटले का?"

या पुस्तकाचा विषय तोच प्रश्न आहे.

द्राक्षवेल मुळात थंड हिवाळ्याच्या मुलखातली. तिकडे ती हिवाळाभर निष्पर्ण उभी असते आणि थंडी पुरती भोगून झाली की वसंतात तिचे डोळे जवळजवळ एकदम फुटतात. नाशिकची थंडी आपल्याला स्वेटर काढायला लावते खरी, पण वेलीला ती पुरत नाही, शिवाय आपली छाटणी त्या थंडीच्याही आधी होते. वेल पुरती झोपत नाही, म्हणून नीट जागीही होत नाही. काडीच्या शेंड्याचे एकदोन डोळे पुढे पळतात, खालचे तसेच राहतात, आणि मग फवारणीपासून काढणीपर्यंत सगळे वेळापत्रक विस्कटते. युरोपात जे काम हिवाळा फुकट करतो, ते आपल्याकडे औषध आणून, मजुरी मोजून करून घ्यावे लागते.

काही वर्षांपूर्वी तिथल्याच एका बागाईतदाराने छाटणीआधीचा एक डोळा ब्लेडने उभा चिरून मला भिंगाखाली दाखवला. वरून पाहिला तर टोकदार, तपकिरी, कोंड्यासारखा वाळका. आत मात्र पांढुरकी लव ठासून भरलेली, जणू कुणी कापूस कोंबून ठेवला आहे, आणि त्या कापसात हिरवे ठिपके. नीट निरखल्यावर कळले की ती घडी घातलेली पाने आहेत, आणि त्यांच्या कुशीत अगदी इवलासा घड आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काडीवर डोळा बनू लागतो, तेव्हाच, मे-जूनच्या उन्हापावसात, त्याच्यातला घड ठरून जातो. त्या दिवसांत आभाळ झाकोळलेले राहिले, काडीपर्यंत ऊन पोहोचले नाही, तर ऑक्टोबरात डोळा फुटतो खरा, पण घडाच्या जागी नुसती बाळी येते. मधल्या डोळ्याच्या बगलेला आणखी दोन बारके डोळे होते. "ते राखीव. मेन डोळा गेला तर हे फुटतात. पण माल कमी," तो म्हणाला.

त्या चिरलेल्या डोळ्याने माझी एक जुनी समजूत मोडली. ऊब आली की पान येते, इतके सोपे मी धरून चालले होते. आता दिसत होते की पान फार आधीपासून तयार आहे, घडी घालून, बांधून ठेवलेले. मग ते थांबते कशासाठी? कुणाची वाट बघते? आणि हवामान बदलत चालले तर वाट बघण्याचा तो हिशेब कसा बदलतो? पुढची सगळी प्रकरणे या तीन प्रश्नांच्या मागे लागलेली आहेत. या विषयाचे पुष्कळसे ज्ञान ज्या मुलखांत उभे राहिले ते आपले नाहीत, आणि तिकडचा नियम इकडे जसाच्या तसा लावायला गेले की चूक अंगाशी येते, म्हणून आरंभी थोडे विस्ताराने लिहिते आहे.

थंड देशातल्या झाडाच्या डोळ्याकडे दोन वह्या असतात असे समजा. एकीत तो थंडी मांडतो, दुसरीत ऊब. शरदात दिवस लहान होत गेले की डोळ्यावर खवल्यांची पाकिटे चढतात आणि आतली वाढ थांबते. ही झोप वरवरची नसते. आपल्या शरीरात जसे निरोप पोहोचवायला मार्ग असतात, तसे झाडाच्या पेशीपेशींमधल्या भिंतींत अतिसूक्ष्म दारे असतात. बर्च आणि पॉप्लरच्या डोळ्यांत संशोधकांना असे दिसले, की झोपेच्या काळात ही दारे कॅलोज नावाच्या चिवट पदार्थाने लिंपून बंद होतात. शेंड्याच्या पेशींना मग फांदीकडून कसलाच सांगावा येत नाही. म्हणून जानेवारीत चार दिवस लख्ख ऊन पडले तरी डोळा फसत नाही. त्याच्यापर्यंत ती बातमीच जात नाही. पुढे थंडीचे आठवडे साठत जातात, तो लेप विरघळवणारी विकरे तयार होतात आणि दारे एकेक करून मोकळी होतात. थंडीची वही भरली. आता ऊब मोजायची.

गोठवणाऱ्या थंडीचा या वहीत फारसा उपयोग नसतो. सफरचंदवाले शून्य ते सात अंशांच्या आसपासचे तास धरतात, त्यांना 'चिलिंग अवर्स', थंडीचे तास म्हणतात. जुन्या नामांकित सफरचंदांना असे हजारभर तास लागतात. कुलू खोऱ्याच्या खालच्या भागात हिवाळे उबदार झाले तसे हे तास कमी पडू लागले, आणि सफरचंद डोंगर चढत किन्नौर, लाहौल-स्पीतीकडे सरकले. ज्या बागा सरकू शकत नाहीत तिथे काय होते ते पाहावे : डोळे उशिरा, एकेक करून, आजारी माणसाने अंथरुणावरून उठावे तसे फुटतात. उबेची वही पूर्ण, पण थंडीची अर्धीच. आपल्या द्राक्षाचे दुखणे तेच.

उबेच्या वहीची कल्पना मात्र बरीच जुनी आहे. ज्याच्या नावाची तापमापी पुढे युरोपभर वापरली गेली, त्या रेओम्यूरने 1735 साली रोजच्या तापमानांची बेरीज करून पाहिली आणि पिकाला एका ठरावीक बेरजेपर्यंत पोहोचावे लागते, असे मांडले. थंड वर्षी ती बेरीज हळू जमते, उबदार वर्षी भरभर. आज आपले कृषी हवामानवाले 'डिग्री डे' म्हणून जे काढतात त्याचे मूळ इथे आहे.

त्याच सुमारास, 1736 मध्ये, इंग्लंडच्या नॉरफक परगण्यात रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने आपल्या वाडीतल्या वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली. कुठल्या झाडाला कधी पान आले, कुठला पक्षी कधी बोलला. पन्नासहून अधिक वर्षे तो लिहीत राहिला, त्याच्या मागे घरातली माणसे लिहीत राहिली, आणि मध्ये खंड पडूनही ती नोंद 1958 पर्यंत चालली. मला या माणसाविषयी फार आदर वाटतो. तेरा जातींच्या झाडांची पहिली पाने दरवर्षी न कंटाळता पाहणे, ज्याचा आपल्या हयातीत काही उपयोग दिसणार नाही असे काम इतके नेटाने करणे, याला वेगळीच श्रद्धा लागते. तापमान वाढते आहे का, असा प्रश्न त्याच्या मनातही नव्हता. त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मात्र पुढे त्याच्याच वह्या उपयोगी पडल्या.

जिनिव्हात तर हे काम सरकारी आहे. तिथल्या जुन्या शहरात, ट्रेय नावाच्या फिरायच्या रस्त्यावर, एक हॉर्स चेस्टनट आहे. त्याचे पहिले पान उघडले की विधिमंडळाचा सचिव ती तारीख अधिकृतपणे लिहितो आणि वसंत आल्याचे जाहीर होते. 1818 पासून ही प्रथा आहे. त्याआधीच्या दहा वर्षांच्या नोंदीही आहेत. जुने झाड गेले की जवळचेच दुसरे नेमतात. एकोणिसाव्या शतकात ते पान बहुतेक मार्च-एप्रिलकडे उघडे. विसाव्या शतकात ते अलीकडे अलीकडे सरकत गेले, आणि 2002 साली तर डिसेंबर सरण्याआधीच उघडले. वर्तमानपत्रांना हा आकडा आवडतो. पण त्यात जिनिव्हा शहराची स्वतःची ऊब मिसळलेली आहे हेही सांगायला हवे. इमारती, डांबर, मोटारी हे सगळे त्या झाडाभोवती दोनशे वर्षांत उभे राहिले. एका झाडावरून जगाचा निष्कर्ष काढू नये, म्हणून मी तो उदाहरण म्हणूनच सांगते, पुरावा म्हणून नाही.

पुरावा हवा तर शेकडो ठिकाणच्या हजारो नोंदी एकत्र पाहाव्या लागतात. युरोपात गेल्या शतकाच्या पन्नाशीच्या अखेरीस एक फार हुशारीचे काम सुरू झाले. एकाच झाडापासून कलमे करून तीच झाडे नॉर्वे-फिनलंडपासून खाली बाल्कनपर्यंतच्या बागांत लावली. रक्त एकच, मुलूख वेगळे. फरक पडला तर तो हवामानाचाच. या बागांच्या तीसेक वर्षांच्या नोंदी पाहून आनेटे मेंत्सेल आणि पेटर फाबियान यांनी 1999 मध्ये दाखवले, की साठच्या दशकापासून वसंतातल्या घटना सरासरी 6 दिवस अलीकडे आल्या आहेत आणि शरदातल्या 4.8 दिवस पुढे गेल्या आहेत. पुढे 2006 मध्ये मेंत्सेल आणि सहकाऱ्यांनी 21 देशांतल्या 542 वनस्पतींच्या नोंदी एकत्र मांडल्या. पाने, फुले आणि फळे धरण्याच्या नोंदींपैकी 78 टक्के लवकर सरकत होत्या. वेग होता दर दहा वर्षांना सुमारे अडीच दिवस.

अडीच दिवस म्हणजे काय मोठे, असे वाटू शकते. पण झाडाचे पान हे एकट्याचे नसते. ओकच्या कोवळ्या पानावर एका पतंगाची अळी जगते, आणि त्या अळ्यांवर आपल्या रामगंगा पक्ष्याच्या कुळातली युरोपीय टिट पक्षीण आपली पिल्ले वाढवते. पान जून झाले की त्यात टॅनिन वाढते आणि अळीला ते पचत नाही, म्हणून अळीला पान कोवळे असतानाच बाहेर यावे लागते. पक्षिणीला पिल्ले त्याच पंधरवड्यात हवीत. नेदरलँड्समध्ये या तिघांच्या तारखांवर कित्येक दशके पाळत ठेवलेली आहे. तिघेही अलीकडे सरकले, पण सारख्या वेगाने नाही. पक्षिणीचे घरटे मागे पडले. पिल्ले तोंड उघडून बसली आहेत आणि अळ्या जमिनीत उतरून कोशात गेल्या आहेत, असे वर्ष डोळ्यांसमोर आणून पाहावे.

दुसरा घोळ शेतकऱ्याला अधिक कळेल. मार्च 2021 च्या शेवटी फ्रान्समध्ये विक्रमी ऊन पडले. द्राक्षांचे आणि फळझाडांचे डोळे भराभर फुटले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उत्तरेकडून थंडीची लाट आली आणि सलग रात्री पारा शून्याखाली गेला. बागाईतदारांनी रात्रभर ओळीओळींमधून मेणाचे टेंभे पेटवले, धूर केला, हेलिकॉप्टरने वरची ऊबदार हवा खाली ढकलायचा प्रयत्न केला. तरी हातातोंडाशी आलेला घास गेला. मिटलेला डोळा उणे दहा-पंधरा अंशही सोसतो, आणि तोच डोळा उघडून हिरवा झाला की उणे दोन-तीन अंशांत करपतो. इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जग तापते आहे तर हिमाने नुकसान कमी व्हायला हवे, असा आपला साधा तर्क. त्या घटनेचा नंतर अभ्यास झाला तेव्हा निघाले ते उलटे : थंडीच्या लाटा सौम्य झाल्या आहेत हे खरेच, पण डोळे त्याहून जास्त लवकर फुटू लागले आहेत, आणि म्हणून कोवळ्या पालवीला हिमाने गाठण्याची शक्यता सुमारे 60 टक्क्यांनी वाढली आहे. तेव्हा नाशिकच्या त्या बागाईतदाराने दाखवलेले राखीव डोळे मला आठवले. फ्रान्समध्ये त्या वर्षी अनेक वेली त्यांच्यावरच हिरव्या झाल्या.

मग हे असेच चालणार का, दर दशकाला अडीच दिवस, आणि एक दिवस पालवी डिसेंबरात? नाही. इथे थंडीची वही आडवी येते. 2015 मध्ये युरोपातल्या सात जातींच्या, 1,245 ठिकाणांच्या नोंदींवरून असे दिसले की 1980 ते 1994 या काळात तापमान एक अंश वाढले तर पान 4 दिवस लवकर येई, आणि 1999 ते 2013 मध्ये तेवढ्याच वाढीला ते 2.3 दिवसच लवकर आले. वसंत उबदार झाला, तसा हिवाळाही उबदार झाला. एक वही लवकर भरते, दुसरी उशिरा. काही झाडांना तिसरीही वही असते, दिवसाच्या लांबीची. बीचचे झाड या बाबतीत फार हट्टी. ऊब कितीही असो, दिवस पुरेसा मोठा झाल्याशिवाय ते डोळा उघडत नाही. म्यूनिकच्या वनस्पती उद्यानात 173 जातींच्या फांद्या वेगवेगळ्या उजेडात ठेवून पाहिल्या तेव्हा साधारण एक तृतीयांश जातीच दिवसाकडे लक्ष देणाऱ्या निघाल्या. म्हणजे एकाच रानात काही झाडे पुढे धावणार, काही जागच्या जागी राहणार. 'वसंत लवकर येतो आहे' हे वाक्य म्हणूनच मला अपुरे वाटते. वसंत एकच येत नाही, झाडागणिक वेगळा येतो, आणि त्यांच्यातले अंतर बदलते आहे.

आता आपल्या घरी.

आपल्याकडे या सगळ्याला सुंदर शब्द आहे, चैत्रपालवी. पण जरा थांबून विचार केला तर तो शब्द एक कोडे आहे. चैत्र म्हणजे पावसाचा टिपूस नाही, विहिरी खोल गेलेल्या, डोंगर पिवळे. त्या वेळी झाडाने पाणी जपायला हवे, आणि आपली कितीतरी झाडे नेमकी तेव्हाच जुनी पाने टाकून नवी, नाजूक, पाणी उधळणारी पाने काढतात. पिंपळ, करंज, कोशिंब. कोशिंब पाहिला आहे का फाल्गुन-चैत्रात? दुरून पाहणाऱ्याला वाटते झाड फुलले आहे. जवळ गेल्यावर कळते की ती पाने आहेत, रक्तासारखी लाल, दुपारच्या उन्हात आरपार दिसणारी. आशियातल्या मोसमी जंगलांचा हा विरोधाभास शास्त्रज्ञांनाही चकवत आला आहे.

कोड्याचा एक धागा पाण्याचा आहे. झाड पाने टाकते तेव्हा बाहेर जाणारे पाणी थांबते आणि खोल गेलेली मुळे खालच्या ओलीवर खोडाची तहान हळूहळू भागवतात. खोड पुन्हा भरले की डोळा फुटू शकतो, आभाळातून काही पडो न पडो. रोल्फ बोर्कर्ट यांनी मध्य अमेरिकेतल्या कोरड्या रानांत हे वर्षानुवर्षे मोजले आणि पुढे आशियातल्या रानांनाही लावून पाहिले. दुसरा धागा त्यांनीच पकडला, तो दिवसाचा. पुण्यात सर्वांत लहान दिवस सुमारे 11 तासांचा, सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. लंडनच्या मानाने हा फरक नगण्यच. तरीही काही झाडे संक्रांतीनंतर वाढणारी ती थोडीशी मिनिटे ओळखतात असे दिसते, कारण पाऊस कमी पडो वा जास्त, त्यांची पालवी दरवर्षी त्याच सुमाराला येते.

आणि घाई कशाला? याचे उत्तर मुदुमलाईच्या रानातून आले. मुरली आणि सुकुमार यांनी 1993 मध्ये दाखवले की पावसाआधी पालवणाऱ्या झाडांची पाने कीड कमी खाते, आणि पाऊस सुरू झाल्यावर पालवणाऱ्यांची फार खाते. जूनमध्ये किडींचा सुळसुळाट होतो तोवर कोशिंबाचे पान जून, चरचरीत झालेले असते. म्हणजे आपल्या झाडाने हिमाचा नव्हे, अळीचा हिशेब मांडलेला आहे. युरोपातल्या ओकला थंडी चुकवायची असते, आपल्या कोशिंबाला मृगातली कीड. हवामान बदलून पावसाळ्यापूर्वीच्या सरी वाढल्या, वळीव मार्चमध्येच आला, तर ही जुनी आडवाट उघडी पडते. तापमापीकडे बघत बसून आपल्या रानाची गोष्ट कळणार नाही, असे मला ठामपणे वाटते ते याचसाठी.

कोकणात तर एकाच डोळ्यातून काय निघणार, पान की फूल, हेच हवामान ठरवते. आंब्याच्या शेंड्याच्या डोळ्यात दोन्ही शक्यता असतात. प्रयोगात दिवसा 15 आणि रात्री 10 अंशांत ठेवलेल्या झाडांना मोहोर येतो, आणि दिवसा 30 व रात्री 25 अंशांत ठेवलेल्यांना पालवी. कोकणात पारा इतका उतरत नाही, पण ऑक्टोबरात पाऊस संपून, जमीन तडकून, रात्री गार पडू लागल्या की हापूस मोहोर धरतो. पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला तर तोच डोळा तांबूस पालवी घेऊन उभा राहतो, आणि ती पालवी जून होईपर्यंत मोहोर नाही. देवगड-रत्नागिरीकडे लवलवती पालवी बघून बागायतदाराच्या तोंडचे पाणी पळते, हे घाटावरच्या माणसाला प्रथम खरे वाटत नाही. उलट बाजूनेही घोळ होतो. फळे वाटाण्याएवढी झालेली असताना पुन्हा कडाका पडला तर पुनर्मोहोर येतो, झाड आपले बळ नव्या मोहोराकडे वळवते आणि धरलेली फळे गळतात. थंडी हवीच, पण हव्या त्या वेळी आणि हवी तेवढीच.

हे सगळे आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत. लिहून मात्र फार थोडे ठेवले आहे. एक अडचण खास आपली आहे, ती सांगते. आपली आठवण तिथी-सणांना बांधलेली असते. 'पाडव्याला कडुलिंब कोवळा असायचा, आता जून असतो,' असे म्हणणारी माणसे मला बरीच भेटली, आणि त्यांच्या म्हणण्यावर मी आधी भाळलेही. मग पंचांगे काढून बसले. गुढीपाडवा 2018 मध्ये 18 मार्चला होता, 2021 मध्ये 13 एप्रिलला. सव्वीस दिवसांचा फरक! कडुलिंब सूर्य आणि पाणी ओळखतो, अधिक महिना नाही. एका पाडव्याला गुढीला बांधलेला डहाळा तांबूस, पिळला तर मऊ, दुसऱ्या पाडव्याला हिरवागार आणि फुलांनी लदलेला, यात हवामानाचा हात असेल किंवा नसेल, चंद्राचा नक्की आहे. जपानची नोंदही चांद्र पंचांगातूनच आली आहे. क्योतोच्या दरबारी रोजनिशांत चेरीच्या बहराचे उल्लेख इसवी सन 812 पासून मिळतात. यासुयुकी आओनो यांनी त्यातली एकेक जुनी तारीख आजच्या दिनदर्शिकेत उलगडून मांडली, म्हणून तर 2021 मधला 26 मार्चचा बहर तोवरच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा, 1409 च्या 27 मार्चलाही मागे टाकणारा, हे छातीठोक सांगता आले. आपल्या जुन्या वह्यांतून, देवस्थानांच्या हिशेबांतून असे काही निघेल का, याचा शोध कुणीतरी घ्यायला हवा. आंब्याची पहिली पेटी कधी आली हे तरी व्यापाऱ्यांच्या चोपड्यांत असतेच.

नव्या नोंदी मात्र सुरू झाल्या आहेत. 'सीझनवॉच' या उपक्रमात देशभरातली माणसे, विशेषतः केरळातल्या शाळांची मुले, दर आठवड्याला आपापल्या झाडाची कोवळी पाने, जून पाने, फुले, फळे पाहून लिहितात. काम अवघड नाही. अवघड असते ते तेच झाड, त्याच वाराला, पुढल्या वर्षीही पाहणे.

माझे झाड पिंपळाचे होते, घरासमोरचे. पिंपळाचा डोळा नवख्याला सोपा जातो, म्हणून या पुस्तकात त्याची चित्रे जास्त आहेत. फांदीच्या टोकाला पातळ, टोकदार टोपडे असते, आणि आत पान स्वतःभोवती गुंडाळलेले. टोपडे आधी ताणते, मग एका बाजूने फाटते आणि गळून पडते. त्याच्या जागी फांदीवर बारीक कडे उमटलेले राहते. ती कडी मोजली की त्या फांदीने किती पाने काढली ते मागाहूनही कळते. सुटलेले पान दोनतीन दिवस गुलाबी-तांबडे, ओले असल्यासारखे, देठावरून खाली लोंबते. मग उभारी धरते. माझ्या पिंपळाची रस्त्यावरच्या दिव्याकडची बाजू बहुतेक वर्षी उरलेल्या झाडाच्या काही दिवस आधी पालवे. ब्रिटनमध्ये रात्रीच्या दिव्यांजवळच्या झाडांचे डोळे आठवडाभरापर्यंत लवकर फुटतात असे आढळले आहे. माझ्या झाडाचे कारण तेच होते असे मी म्हणणार नाही, ती बाजू दक्षिणेचीही होती.

आता या पुस्तकातल्या तारखा कशा वाचायच्या तेवढे सांगते. 'डोळा फुगला' म्हणजे आवरण ताणले आहे पण रंग दिसत नाही. 'टोक दिसले' म्हणजे आतला हिरवा किंवा तांबडा रंग नुसत्या डोळ्यांनी दिसतो. द्राक्षात याच्या आगेमागे आधी कापसलेला डोळा येतो आणि मग पोंगा, तेव्हा तिथे बागाईतदारांचेच शब्द ठेवले आहेत. 'पान उलगडले' ही तारीख झाडाच्या किमान तीन वेगवेगळ्या फांद्यांवर पूर्ण उघडलेले, देठ दिसणारे पान पाहिल्यावरच लिहिली आहे. एकाच फांदीवर दिसले तर तसे शेऱ्यात नमूद केले आहे. तिथी कुठेही धरलेली नाही, सगळीकडे इंग्रजी तारीख आहे. जिथे त्या आठवड्यात पाहणे झाले नाही तिथे अंदाजाने भरण्यापेक्षा रकाना कोरा ठेवला आहे. पिंपळाच्या कोष्टकातल्या शेवटच्या ओळीत 'डोळा फुगला' एवढीच तारीख सापडेल. पुढचे दोन्ही रकाने कोरे आहेत. त्या आठवड्यात रस्ता रुंद झाला.